पट, पगार आणि पैसा : वर्ध्यात बसून खेड्यातल्या शाळेचा हिशेब मांडणारे डॉ. झाकिर हुसैन

आपल्या वर्धा जिल्ह्याचं नाव निघालं की लोक गांधीजी, विनोबा आणि जमनालाल बजाज यांची आठवण काढतात. ती काढायलाच हवी. पण याच जिल्ह्यात १९३७ साली चाळीस वर्षांचा एक मुसलमान शिक्षक आला होता आणि सबंध हिंदुस्थानातल्या खेड्यांमधली शाळा कशी चालावी याचा आराखडा त्याच्या अध्यक्षतेखाली तयार झाला होता, हे आपल्या किती घरांत माहीत आहे? पुलगाव, नाचणगाव, देवळी, आर्वी इथल्या मुलांना डॉ. झाकिर हुसैन हे देशाचे तिसरे राष्ट्रपती होते एवढं सामान्य ज्ञानाच्या पुस्तकातून कळतं. त्यांचा आपल्या मातीशी काय संबंध होता, ते मात्र कोणी सांगत नाही.

आज त्यांची आठवण काढायला कारण आहे. आमच्या भागात कुठल्याही खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत जा, मग ती मराठी असो की उर्दू, तीनच गोष्टींची चर्चा ऐकू येते. पट किती राहिला, शिक्षक किती उरले आणि पैसा कुठून येणार. झाकिर साहेबांच्या उमेदीची जवळजवळ बावीस वर्षं याच तीन प्रश्नांशी झुंजण्यात गेली. त्यांनी काय केलं, त्यांना काय जमलं आणि काय जमलं नाही, हे आम्ही इथे सांगतो आहोत.

कायमगंजचं घर

झाकिर हुसैन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत झाला. घराणं मूळचं उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचं, आफ्रिदी पठाणांचं. वालिद फिदा हुसैन खान वकिलीसाठी हैदराबादला गेले आणि तिथे त्यांचा चांगला जम बसला. सात भावांत झाकिर तिसरे. घरात पैसा होता, पुस्तकं होती, शिकवायला मास्तर घरी यायचे. पण १९०७ साली वालिदांचा इंतकाल झाला, तेव्हा झाकिर दहा वर्षांचे होते. आई नाजनीन बेगम मुलांना घेऊन कायमगंजला परतल्या.

मुलांना इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये बोर्डिंगला ठेवलं. तिथले मुख्याध्यापक सय्यद अल्ताफ हुसैन कडक होते, पण मुलांवर जीव लावणारे होते. साधं राहणं, वेळ पाळणं आणि दुसऱ्याच्या दुःखाची जाण ठेवणं या गोष्टी झाकिर यांनी तिथे उचलल्या. तुर्कस्तानवर युद्धाचं संकट आलं तेव्हा शाळेतली पोरं मदत गोळा करत होती, त्यात झाकिरही होते. शाळेसाठी हात पसरायची वेळ त्यांच्यावर पुढे कितीतरी वर्षं येणार होती. त्याची सवय बहुधा इथूनच लागली.

१९११ साली कायमगंजात प्लेगची साथ आली. तिने आई नेली आणि घरातली आणखीही माणसं नेली. झाकिर तेव्हा इटाव्याला होते. चौदाव्या वर्षी आईवडील दोघंही गेलेले. शाळा हेच मग घर झालं. एखाद्या पोराला शाळेचा आधार नसेल तर त्याचं काय होतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

अलीगढ सोडलं आणि जामिया उभी राहिली

इटाव्याहून ते अलीगढच्या एम. ए. ओ. कॉलेजात आले. हुशार, हजरजबाबी, वक्तृत्वात पुढे. १९१५ मध्ये शाहजहान बेगम यांच्याशी त्यांचा निकाह झाला. अर्थशास्त्र त्यांच्या आवडीचा विषय. सरळ वाटेने गेले असते तर मोठी सरकारी नोकरी ठरलेली होती.

पण १९२० साल आलं. खिलाफत आणि असहकाराची चळवळ जोरात होती. सरकारी मदतीवर चालणाऱ्या संस्था सोडा, असं आवाहन गांधीजी आणि अलीबंधूंनी केलं. अलीगढमधून जे विद्यार्थी आणि शिक्षक बाहेर पडले, त्यांत झाकिर हुसैन पुढे होते. बाहेर पडलेल्या या लोकांनी २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामिया सुरू केली. सरकारचा एक पैसा न घेता चालणारी कौमी संस्था. सुरुवातीला तर तंबूंत वर्ग भरायचे.

दोन वर्षं तिथे शिकवून १९२२ मध्ये ते पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला, बर्लिनला गेले. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या शेतीविषयक धोरणावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. पण तिथे त्यांनी आणखी एक गोष्ट शिकून घेतली. गेऑर्ग केर्शनस्टाइनर नावाच्या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने हाताच्या कामातून शिकवणाऱ्या शाळांची कल्पना मांडली होती. मूल नुसतं बसून ऐकत नाही, करून बघताना शिकतं, हा त्यातला मुख्य विचार. तो झाकिर साहेबांच्या मनात कायमचा बसला.

शाळा बंद करायची की चालवायची?

इकडे जामियाची हालत वाईट झाली होती. चळवळ ओसरली, खिलाफतच संपली, आणि तिच्या जोरावर येणारी वर्गणी आटली. पालक मुलं काढून घेऊ लागले. विद्यार्थी शंभरही उरले नव्हते. संस्था बंद करावी असं बोललं जाऊ लागलं. हकीम अजमल खान आणि डॉ. अन्सारी यांना ते मान्य नव्हतं. गांधीजींनीही पैशांसाठी स्वतः भीक मागायची तयारी दाखवली. १९२५ मध्ये जामिया दिल्लीला, करोलबागेत भाड्याच्या जागेत आली.

बर्लिनला ही बातमी कळली तेव्हा झाकिर हुसैन, आबिद हुसैन आणि मोहम्मद मुजीब या तीन मित्रांनी ठरवलं की शिक्षण संपलं की आपलं आयुष्य जामियाला द्यायचं. १९२६ मध्ये तिघे परतले. झाकिर हुसैन जामियाचे शेख-उल-जामिया, म्हणजे कुलगुरू झाले. वय फक्त एकोणतीस.

पद मोठं, पण तिजोरी रिकामी. हकीम साहेब खिशातून आणि ओळखीपाळखीतून पैसा आणत होते. डिसेंबर १९२७ मध्ये तेही गेले. आता पगार कोण देणार? महिनोन् महिने पगार थकले. वाण्याची उधारी वाढली. एखादा दुसरा असता तर शिक्षक कमी केले असते, नाहीतर फी वाढवली असती.

झाकिर साहेबांनी वेगळी वाट काढली. १९२८ मध्ये जामियाच्या काही शिक्षकांनी एकत्र येऊन अंजुमन-ए-तालीम-ए-मिल्ली स्थापन केली. अट अशी की सदस्याने वीस वर्षं जामियात काम करायचं आणि महिना १५० रुपयांपेक्षा जास्त पगार मागायचा नाही. संस्था आता कुण्या श्रीमंताची राहिली नाही, शिकवणाऱ्यांची झाली. झाकिर साहेबांनी स्वतः त्या मर्यादेपेक्षाही पुष्कळ कमी पगार घेतला. जर्मनीहून डॉक्टर होऊन आलेल्या माणसाला बाहेर किती मिळालं असतं, याचा अंदाज तुम्हीच करा. घरातली ओढाताण शाहजहान बेगम यांनी निभावली. त्यांचं नाव या गोष्टीत क्वचितच येतं, म्हणून आम्ही मुद्दाम घेतो.

दुसरं काम पैशांचं. नवाब आणि रईस लोकांच्या देणग्यांवर संस्था टांगून ठेवणं धोक्याचं आहे, हे हकीम साहेबांच्या जाण्याने कळलं होतं. म्हणून हमदर्दान-ए-जामिया या नावाने गावोगावचे हितचिंतक जोडले गेले. रक्कम लहान चालेल, पण नियमित यावी. शफीकुर्रहमान किडवाई यांच्यासारख्या साथीदारांनी यासाठी पायपीट केली. मोठ्या माणसाचं मन बदललं की मोठी देणगी थांबते. हजार लहान माणसांचं मन एकाच दिवशी बदलत नाही. हा साधा हिशेब होता.

तिसरी गोष्ट म्हणजे पट. मुलं कशी येतील? झाकिर साहेबांचं उत्तर होतं की शाळा चांगली असेल तर येतील. म्हणून कॉलेजपेक्षा त्यांचं जास्त लक्ष जामियाच्या प्राथमिक शाळेवर असायचं. तिथे मुलांनी स्वतःचं दुकान चालवलं, स्वतःची बँक चालवली, प्रकल्प करत करत धडे शिकले. अब्दुल गफ्फार मुधोली यांच्यासारखे शिक्षक त्या शाळेत होते. गेर्डा फिलिप्सबॉर्न या जर्मनीहून आलेल्या ज्यू बाई लहान मुलांमध्ये रमल्या आणि १९४३ साली दिल्लीतच वारल्या. १९३५ मध्ये ओखल्याला नव्या इमारतीची पायाभरणी झाली, तेव्हा कोणा पुढाऱ्याला न बोलावता शाळेतल्या सगळ्यात लहान विद्यार्थ्याच्या हाताने दगड बसवला.

झाकिर साहेबांचे दोन प्रसंग जामियात आजही सांगतात. मुलं मळके बूट घालून यायची. सांगून उपयोग होईना, तेव्हा कुलगुरू स्वतः ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकाशी बसले. पोरं लाजली आणि दुसऱ्या दिवसापासून बूट चमकू लागले. दुसरा प्रसंग काळजाला लागणारा आहे. प्राथमिक शाळेच्या समारंभात ते मुलांमध्ये होते. त्यांची चिमुकली मुलगी रेहाना हिचा इंतकाल झाल्याची खबर कोणीतरी हळूच कानात सांगितली. चेहरा पांढरा पडला, पण ते उठले नाहीत. समारंभ झाल्यावरच घरी गेले. मुलांच्या आनंदाचा दिवस होता, तो मोडावासा वाटला नाही, एवढंच त्यांनी मागाहून सांगितलं.

दारूचा पैसा, शाळेचा खर्च

आता वर्ध्याकडे येऊ. १९३७ मध्ये प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळं आली. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात होता. काँग्रेसने दारूबंदीचं वचन दिलं होतं. पण गंमत अशी की सरकारी तिजोरीत, आणि त्यातून शाळांना, जाणारा बराच पैसा अबकारी कराचा, म्हणजे दारूचाच होता. दारू बंद केली तर शाळेला पैसा नाही. शाळा वाढवायची तर दारू चालू ठेवा. मुलांची तालीम बापाच्या व्यसनावर चालावी, हे गांधीजींना सहन होईना. त्यांनी जुलै १९३७ मध्ये हरिजनमध्ये लिहिलं की शाळेत मुलांना एखादा उद्योग शिकवावा आणि त्यातून तयार होणाऱ्या मालावर शाळेचा खर्च निघावा.

यावर देशभर गदारोळ झाला. मग २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष. प्रांतांचे शिक्षणमंत्री आणि शिक्षणतज्ज्ञ हजर. दिल्लीहून जामियाचे झाकिर हुसैन आले.

गांधीजींसमोर होकार देणारे पुष्कळ होते. झाकिर साहेबांनी मात्र आदब राखून सरळ आक्षेप घेतले. उद्योगातून शिक्षण ही कल्पना चांगली आहे, पण ती नवी नाही, जगात इतरत्र तिचे प्रयोग झाले आहेत, असं त्यांनी सांगितलं. त्यांची खरी काळजी पैशांच्या बाबतीत होती. शिक्षकाचा पगार मुलांच्या कामावर अवलंबून ठेवला, तर शिक्षक मुलांना कामाला जुंपेल, गुलामांवरच्या मुकादमासारखा वागेल आणि शिक्षण बाजूला राहील, असा इशारा त्यांनी दिला. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनीही खर्च भागवण्याच्या कल्पनेवर हरकत घेतली. शाळेतला माल बाजारात आला तर गावच्या कारागिरांशी स्पर्धा होईल, हा त्यांचा मुद्दा होता.

आणि पुढे काय झालं बघा. परिषदेने अभ्यासक्रम तयार करण्यासाठी समिती नेमली, तिचं अध्यक्षपद याच टीकाकाराकडे आलं. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, के. टी. शहा, ख्वाजा गुलाम सय्यदैन, आशादेवी अशी मंडळी होती आणि निमंत्रक होते आर्यनायकम. डिसेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे दीड महिन्याच्या आत, समितीचा अहवाल तयार झाला. हीच वर्धा योजना, नंतर तिला बुनियादी तालीम किंवा नई तालीम हे नाव मिळालं.

अहवालात सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण मांडलं होतं. शिक्षण मातृभाषेतून. दिवसाची शाळा साडेपाच तासांची, त्यांतले तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला. सूतकताई, सुतारकाम, शेती असे उद्योग. गणित, भाषा, समाजशास्त्र आणि विज्ञान त्या कामाशी जोडून शिकवायचं. आपल्या कपाशीच्या मुलखात हे समजायला अवघड नाही. बोंडातून सरकी काढताना मोजमाप येतं, टकळीवर सूत काढताना भागाकार येतो, आणि कापूस कुठून कुठे जातो हे विचारलं की भूगोल सुरू होतो. पुलगावात तर तेव्हा कापडाची गिरणीही चालू होती.

आम्हाला या अहवालातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती शिक्षकाबद्दलची. एका शिक्षकाकडे तीसपेक्षा जास्त मुलं नकोत. शिक्षकाला महिना २५ रुपये मिळावेत आणि २० च्या खाली तर जाऊच नये. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा सविस्तर कार्यक्रम दिला आणि स्त्री शिक्षकांना प्रोत्साहन देण्यावर भर दिला. पैशांच्या प्रश्नावर झाकिर साहेबांनी तोल सांभाळला. कामातून काही उत्पन्न निघालं तर उत्तम, पण कामाचं मोल शिक्षणात आहे आणि कमाईसाठी शिक्षणाचा बळी देता येणार नाही, हा इशारा अहवालातच नोंदवला गेला.

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना मान्य केली आणि हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. झाकिर साहेब त्याचे अध्यक्ष झाले आणि दहा वर्षं राहिले. मुख्य ठाणं सेवाग्राम. संघाच्या नावातला तालीम हा शब्द जरा थांबून बघण्यासारखा आहे. आपल्या घरांत तालीम म्हणजे शिक्षण, आणि मराठी गावात तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. हात आणि डोकं या दोन्हींना एकाच जागी शिकवायचं, हेच तर झाकिर साहेबांना हवं होतं.

दोन्हीकडून मार

काम सोपं नव्हतं. आपल्याच प्रांतात त्याच वेळी रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना आली. ज्या गावात शाळा नाही तिथे लोकांनी जमीन दान द्यायची आणि त्या शेताच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, शिक्षकाला महिना १५ रुपये. खेड्याला शाळा मिळावी हा हेतू चांगला होता. पण मंदिर या नावावर मुस्लिम समाजाने आक्षेप घेतला, त्यावरून वाद पेटला. मुस्लिम लीगच्या १९३८ च्या पीरपूर अहवालात विद्यामंदिर आणि वर्धा या दोन्ही योजनांवर टीका आली. वर्धा योजनेत दीनी तालीमला जागा नाही आणि तिच्यामुळे मुसलमान मुलांची ओळख पुसली जाईल, असं म्हटलं गेलं.

ज्या माणसाने कौमी शाळेसाठी पोटाला चिमटा घेतला, त्यालाच कौमचा दुश्मन म्हणणारे निघाले. झाकिर साहेबांनी या टीकेला शिव्यांनी उत्तर दिलं नाही. आक्षेपात तथ्य असेल तिथे ऐकून घ्यायचं आणि काम चालू ठेवायचं, ही त्यांची रीत. नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्य महोत्सव झाला. देश दंगलींनी जळत असताना त्यांनी एकाच व्यासपीठावर नेहरू, आझाद, जिना आणि लियाकत अली यांना बसवलं आणि त्यांच्यासमोर हात जोडले की ही आग विझवा, नाहीतर शिक्षणाला अर्थच राहणार नाही.

आग विझली नाही. १९४७ मध्ये ते काश्मीरला निघाले असताना जालंधर स्टेशनवर जमावाच्या हाती सापडले. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे कर्मचाऱ्याने त्यांना वाचवलं. त्यांचे भाऊ महमूद हुसैन पाकिस्तानात गेले, झाकिर साहेब इथेच राहिले. १९४८ मध्ये फाळणीच्या वादळात सापडलेल्या अलीगढ विद्यापीठाची जबाबदारी त्यांनी घेतली आणि १९५६ पर्यंत सांभाळली.

त्यापुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९५७ पासून बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. या पदावरचे ते पहिले मुसलमान. राष्ट्रपती भवनात ते गुलाब फुलवायचे, तऱ्हेतऱ्हेचे दगड जमवायचे. मुलांसाठी त्यांनी लिहिलेली अब्बू खाँ की बकरी ही गोष्ट आजही उर्दू घरांत वाचली जाते. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचा इंतकाल झाला. दफन कुठे झालं? जामियाच्या आवारात, आपल्या शाळेपाशीच.

बुनियादी शाळांचं काय झालं, हेही सांगायला हवं. स्वातंत्र्यानंतर सरकारने नाव घेतलं, पण शिक्षक तयार केले नाहीत, साहित्य दिलं नाही आणि टकळ्या कोपऱ्यात पडून राहिल्या. राज्यपाल झाल्यावरही झाकिर साहेबांनी याबद्दलची नाराजी लपवली नाही. सेवाग्रामला नई तालीम समितीची आनंद निकेतन ही शाळा २००५ पासून पुन्हा सुरू आहे. मुलांना घेऊन एकदा जाऊन या, पुलगावहून काही लांब नाही.

आजचा पट

आता आपल्याकडे बघू. २०२३ मध्ये राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळेची कल्पना पुढे आणली, तेव्हा अशा शाळा १४ हजार ७०० हून जास्त होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं शिकत होती. त्याआधी २०१७ मध्ये दहाच्या आत पट असलेल्या १३०० हून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे निकष बदलले आणि लहान शाळांची शिक्षकपदं अडचणीत आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमायचं ठरलं, मानधन महिना १५ हजार. पुढे त्यात फेरफार होत गेले. पैशांचीही तीच गोष्ट. समग्र शिक्षामधून शाळेला मिळणारं वार्षिक अनुदान पटावर ठरतं. तीसपर्यंत मुलं असतील तर वर्षाला १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार. दहा हजारांत खडू, वीजबिल, पाणी आणि डागडुजी कशी भागवायची, हे मुख्याध्यापकांनाच विचारा.

हे चक्र कसं फिरतं ते बघा. चार पालक मुलं काढून शहरातल्या इंग्रजी शाळेत घालतात. पट खाली येतो. पट खाली आला की शिक्षकाचं पद जातं. एक शिक्षक चार वर्ग सांभाळतो, त्यातच ऑनलाइन माहिती भरतो आणि खिचडीचा हिशेब ठेवतो. शिकवणं मागे पडतं, म्हणून उरलेले पालकही जातात. शेवटी राहतात ती मजुरांची, ऊसतोड आणि वीटभट्टीवाल्यांची पोरं, आणि मुली. कारण लांबच्या शाळेत पाठवायची वेळ आली की पहिलं नाव मुलीचं कटतं. उर्दू शाळेचं तर आणखी कठीण, एक बंद झाली की दुसरी उर्दू शाळा पंधरा-वीस किलोमीटरवर.

झाकिर साहेबांच्या आयुष्यातून आम्हाला यावर तीन गोष्टी दिसतात. पहिली, शाळेचं मोल डोक्यांच्या संख्येवर ठरत नाही. शंभराच्या आत पट होता म्हणून १९२५ मध्ये जामियाला कुलूप लागलं असतं, तर आज तिथे शिकणारी हजारो मुलं कुठे असती? दुसरी, शिक्षकाला सांभाळा. त्यांनी स्वतः कमी पगार घेतला तो स्वखुशीने, आपल्या संस्थेसाठी. पण सगळ्या देशाच्या शिक्षकाचा पगार लिहायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या समितीने खालची मर्यादा घातली. त्यागाची गोष्ट सांगून सरकारने शिक्षकाला कमी पगारावर राबवावं, असा अर्थ यातून काढता येत नाही. एका शिक्षकामागे तीस मुलं हे समितीचं प्रमाण आज शिक्षण हक्क कायद्यातही प्राथमिक वर्गांसाठी आहे. तिसरी, शाळेच्या खर्चाचा भार मुलांच्या खांद्यावर टाकायचा नाही. तो समाजाचा आणि सरकारचा भार आहे.

आणि आपण काय करू शकतो? पुष्कळ. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. आपल्या किती अम्मी, खाला, फुफी त्या बैठकीला जातात? संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि त्यात आधार जुळलेली मुलंच धरली जातात. नावातल्या एका अक्षराच्या चुकीने मूल वर्गात असूनही कागदावर नसतं आणि शिक्षकाचं पद जातं. म्हणून जून-जुलैतच मुलांचं आधार शाळेच्या नोंदीशी जुळवून घ्या. मोहल्ल्यातल्या सहा वर्षांच्या पोरांची यादी करा आणि गुरुजींच्या हातात द्या. कायद्याप्रमाणे एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हा मुलाचा हक्क आहे, तो ग्रामसभेत मांडा आणि ठराव लिहून घ्या. जलशावर, लग्नावर खर्च करणाऱ्या आपल्या कमिट्यांनी वर्षातून एकदा शाळेच्या पंख्याकडे, नळाकडे, मुलींच्या स्वच्छतागृहाकडे बघावं. रक्कम लहान चालेल, पण दरवर्षी द्यावी. हमदर्दान-ए-जामियाने नेमकं हेच केलं होतं.

शासनाकडे मागायचं ते मागूच, आणि ठणकावून मागू. पण शाळेत मूलच पाठवलं नाही तर मागणार कशाच्या जोरावर? येत्या जूनमध्ये पहिलीचे प्रवेश सुरू होतील, तेव्हा पुलगाव परिसरातल्या प्रत्येक घराने आपल्या गावच्या शाळेत एकदा तरी जाऊन यावं, गुरुजींशी, मॅडमशी बोलावं, वर्ग बघावा आणि मगच ठरवावं. दिल्लीहून एक माणूस आपल्या वर्ध्यात येऊन खेड्यातल्या पोरांसाठी भांडला होता. आपल्याला तर फक्त गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आहे.